दुःखाला बसणारे आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंच्या हजेरीशिवाय उदगीरमध्ये कुणाला नीट मरताही येत नसे. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती म्हणतात, पण गादीवर बसलेले मी त्यांना क्वचितच पाहिले. ते बसत दुसऱ्याच्या ओसरीवर, दुसऱ्याच्या दुःखाला. जातपात, ओळखपाळख काही लागत नसे. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातून उठून ते गल्लीतल्या मोमीनचाचांच्या मयतीला गेले, आणि इकडे व्याही टोपी हातात घेऊन ताटकळले. एकदा रेल्वेत समोरची बाई रडताना दिसली, तर हे तिच्याबरोबर मधल्याच स्टेशनात उतरले. बॅग एकटीच लातूरला पोचली. बरं, समजूत घालायची कलाही अंगात नव्हती. थोड्या वेळानं स्वतःच असे हमसून रडत, की घरच्यांना आपलं दुःख बाजूला ठेवून यांना पाणी द्यावं लागे. मेव्हणी म्हणायची, "ह्यांना घर न्हाई, लोकायच्या ओसऱ्या हायत."

अशा माणसाचं लिव्हर गेलं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला जुन्या काविळीनं आतून पोखरलं होतं, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण डोळा बारीक करून 'कधीपासून घेत होता?' असं विचारी. आजारापेक्षा त्याचाच त्यांना संताप येई. दुसरं लिव्हर बसवण्याला पर्याय नव्हता. घरात कुणाचं जुळेना, म्हणून हैदराबादच्या एका दवाखान्यात नाव लावून आम्ही वाट पाहू लागलो. दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहणं याच माणसाच्या नशिबी यावं, याचं मला फार वाईट वाटे.

एका सकाळी बोलावणं आलं. अपघातात डोक्याला जबर मार लागलेला एक माणूस होता, आशा उरली नव्हती. डॉक्टरांनी समजावलं, की मशीन काढायचं, हृदय आपसूक थांबू द्यायचं, खात्री करायची आणि लगेच लिव्हर काढून यांना बसवायचं. त्याच्या बायकोची संमती होती. फक्त उशीर नको. तयारीआधीच हृदय बंद पडलं तर सगळं वाया.

मी चहा घेऊन परतलो, तर साडू खाटेवर नाहीत. व्हरांड्यात कुणीतरी बिलोलीकडच्या बोलीत रडत होतं, तेवढं त्यांना पुरलं होतं. दवाखान्याचा झगा घातलेले, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले साडू त्या बाईजवळ फरशीवर मांडी घालून बसले होते. तिचाच नवरा आत होता. मी त्यांच्या कानात ते सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ठावं हाय." त्या बाईची मुलगी लातूरला क्लासला होती आणि तिच्या गाडीनं नुकतंच उदगीर सोडलं होतं.

"भाऊ, डॉक्टर म्हणतेत आताच मशीन काढू," बाई म्हणाली. "पोरीसाठी थांबावं का?"

मी मागून त्यांचा झगा ओढला, चांगला जोरात ओढला.

"थांबा," ते म्हणाले. "बापाचा हात गरम हाय तवर येऊ द्या तिला."

मुलगी आली. तिनं बापाचा हात धरला, आणि हात हातात असतानाच, मशीन काढण्याआधीच, त्याचं हृदय आपोआप थांबलं. तयारी व्हायची होती. डॉक्टर आमच्यापाशी आले आणि घरी जा म्हणाले.

परतताना गाडीत माझा तोल गेला. "दादा, ते लिव्हर तुमचं होतं," मी ओरडलो. "असंल. पण बाप तर तिचाच होता ना," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं ड्रायव्हरला विचारू लागले, की तिसऱ्या दिवशी बिलोलीला जायचं तर कुठून जवळ पडतं.

पुन्हा बोलावणं आलं नाही. दिवाळीआधीच ते गेले. शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नव्हते, आणि ओसरीवर एवढी गर्दी झाली की आम्हाला घरच्यांना बसायला जागा उरली नाही.

दहाव्यानंतर त्यांच्या मुलीनं मला गाठलं. "काका, एकदा हैदराबादला बोलावलं होतं ना? मग काय झालं?"

बाप एका परक्या लेकीसाठी थांबला, हे हिला कोणत्या तोंडानं सांगायचं? जुळलं नाही, एवढंच मी म्हणालो. तिला ते पटलं. मला मात्र त्यांचा अजून राग येतो, आणि राग आला की वाटतं, भांडायला तरी ते असायला हवे होते.