बोलावलेले देव

गोदूबाई चौक गावाच्या पलीकडच्या वाडीतली धवलारीण. लग्नात भटाच्याही आधी तिला बोलावणं जाई. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, पण ते काम म्हणून करायचं असतं. आधी देवांना एकेकाला नावानं मांडवात बोलवायचं, मग हळद, मग मुहूर्त, आणि शेवटी आलेल्या देवांना नावानंच परतवायचं. एकही मागं राहता कामा नये. गोदूबाई ओळ टाकी, मागं बसलेली तिची जोडीदारीण कोंडी ती झेली, म्हणजे तशीच पुन्हा म्हणे. झेलणारी नसेल तर धवला पुढं सरकत नाही. बसून बसून पाय बधिर होत, घसा सोलून निघे. त्याचं मोल एक खण, नारळ आणि सूपभर तांदूळ. गोदूबाईची तक्रार नव्हती. तिच्यावाचून वाडीत लग्न लागत नव्हतं.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराला शिळफाट्याचा सखा तिला आणि कोंडीला मुंबईला घेऊन गेला. सखा लग्नांत भाड्यानं फोनो वाजवी. तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या बंद खोलीत साहेबानं सांगितलं, तीन मिनिटांत आटपा. गोदूबाईनं नेहमीसारखी गावदेवीपासून सुरुवात केली. चेडोबापाशी पोचली तोच साहेबानं हात वर केला.

"आता दुसरी बाजू. हळदीचं घ्या."

"आवं, निम्मे देव येशीवर उभे हायत. त्यांना तसंच ठेवून हळद कशी लावू?"

दुसऱ्या बाजूवर तिनं उरलेले देव बोलावले. तिथं तबकडी संपली. परतवायला जागाच उरली नाही.

"हे लग्नात वाजवू नको रं," येताना ती सखाला म्हणाली.

"नाय वाजवत, काकी. शोभेला ठेवीन."

पुढं एका मासिकात नव्या तबकड्यांची जाहिरात आली. सखानं पान आणून वाचून दाखवलं : खेड्यातील स्त्रियांची लग्नगीते.

"माजं नाव कुठं हाय?"

"स्त्रिया म्हंजे तुमीच की, काकी!"

तबकडी वाजली ती लग्नातच. चावी भरली, पिन बदलली की काम सुरू. फोनो पाणी मागत नाही, त्याचे पाय बधिर होत नाहीत. गोदूबाईची बोलावणी कमी झाली, मग थांबली. कोंडी वारली. वाऱ्यावर आपला आवाज आला की गोदूबाई हातातलं काम टाकून ओट्यावर बसे आणि तबकडी संपल्यावर देवांना एकटीच परतवी.

"आत्ये, तुज्यासाठी देव थांबल्यात व्हय?" भाचा पदू हसे.

"थांबल्यात म्हणूनच गाते."

पदूच्या लेकीचं, बायजाचं लग्न ठरलं तेव्हा गोदूबाईनं तोंड उघडून मागितलं, "एवढं लग्न तरी माज्या गळ्यानं होऊ दे."

"सखाला सांगून झालंय. आन् त्यातबी तूच गातेस ना?"

लग्नाच्या सकाळी चावी भरताना फोनोची स्प्रिंग तुटली. पदू पळत आला. गोदूबाईनं पाय धुतले, मांडवात जाऊन चटईवर बसली. झेलायला कोण, म्हणून तिनं मागं पाहिलं. वाडीतल्या सुना आधीच बसलेल्या.

"आमाला समदं पाठ हाय, आत्ये."

तिनं गावदेवीला हाक घातली. मागून ओळ आली, भरगच्च. किती वर्षांनी कोणी तिची ओळ झेलत होतं. सटवाईचं नाव आलं तशी सुनांनी ती ओळ एकदा झेलली, पुन्हा झेलली, पुन्हा. गोदूबाई पुढच्या देवावर गेलेली. मग तिच्या ध्यानात आलं. सखाच्या तबकडीवर तिथं चरा होता, पिन अडकायची.

चेडोबा झाला आणि सुना गप्प बसल्या. कोणी पदर सारखा केला, कोणी खोकली. तबकडी उलटायला सखाला लागायचा तेवढा वेळ गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

शेवटचा देव मांडवात आला. गोदूबाईनं हळदीची ओळ टाकली. ती कोणी झेलली नाही. सुना उठत होत्या.

"बसा गं! हळद ऱ्हायली, परतवनी ऱ्हायली."

"आता काय ऱ्हायलं, आत्ये? धवला हितंच संपतो."

"कुनी सांगितलं?"

"तुजंच तर ऐकून शिकलो."

तिनं ओळ पुन्हा टाकली. गडबडीत ती पहिल्या रांगेपर्यंतही पोचली नाही. पदूनं खण, नारळ, सूपभर तांदूळ पुढं ठेवले. गोदूबाईनं सूप मागं सारलं.

"निम्म्या कामाची मजुरी मी घेत नाय."

ती उठून बाहेर पडली. बायजाला हळद लागत होती. मांडवात देव तसेच ताटकळत होते.