उपाशी सासूबाई आणि माचू पिच्चूची शाही गाडी

लग्नाच्या वाढदिवसाच्या सहलीला नवऱ्याऐवजी सासूला घेऊन गेलेली बाई अख्ख्या पुण्यात मी एकटीच असावी. पेरूमधल्या शाही गाडीने माचू पिच्चूला जायचं, हे संदीपचं आणि माझं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. दोघांनी आयटीत बारा बारा तास घासून त्यासाठी पैसे साठवले होते. तिकिटं निघाली आणि संदीपच्या क्लायंटला नेमकं त्याच आठवड्यात सिस्टिम लाइव्ह करायची हुक्की आली. पैसे परत मिळणार नव्हते. नाव मात्र बदलून मिळत होतं, अर्थात त्याचेही पैसे उकळून. घरात चालू अमेरिकन व्हिसा माझ्याखेरीज फक्त सासूबाईंकडे होता, कारण गेल्या वर्षी त्या नणंदेच्या बाळंतपणाला तिकडे जाऊन आल्या होत्या. तो असला की पेरूचा वेगळा काढावा लागत नाही. (नियम बदलतात, आपापलं तपासून घ्या.)

मुंबई, ॲमस्टरडॅम, लिमा, कुस्को. प्रवासाने अंगाचा पार भुगा होतो. कुस्को माचू पिच्चूपेक्षाही उंचावर आहे, तेव्हा तिथे दोन दिवस गपगुमान पडून राहा. डोकं दुखलं की हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा देतात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या गाई बी तोंड लावायच्या न्हाईत."

गाडी मात्र शाही. पितळी दिवे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, शेवटच्या डब्यात बार आणि चक्क बँड. एका तिकिटात बरी स्कूटर येते. ज्यांना फक्त अवशेष बघायचे आहेत त्यांनी साध्या गाडीने जावं, तीही त्याच रुळांवरून जाते. आम्हाला मिरवायचं होतं.

जेवणाची यादी आली आणि आईंनी पर्समधून दिनदर्शिकेचं घडी घातलेलं पान काढलं. "आज संकष्टी हाय," त्या म्हणाल्या. आईंची संकष्टी म्हणजे चंद्र उगवेपर्यंत फक्त पाणी आणि चहा.

समोर काय यावं? उकडलेले बटाटे, भाजलेले शेंगदाणे, रताळी, राजगिऱ्याच्या कुरकुरीत चकत्या. आपल्या उपासाचं निम्मं ताट मुळात याच मुलुखातून आलेलं आहे. आईंनी ते सगळं प्रेमाने न्याहाळलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

आमची गाइड रोसा हसतमुख पण कडक बाई. आदल्या दिवशी आईंना चक्कर आलेली तिने पाहिली होती. उपाशीपोटी यांना पायऱ्या चढू देणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. मग मीही खाली स्टेशनातच बसेन, असं मी आईंना बजावलं.

"येवढे पैसे घालून?"

"हो. दोघी मिळून रूळ बघू."

मी डोकं चालवलं. पुणे साडेदहा तास पुढे, म्हणजे तिकडे आत्ता रात्र. "आई, तुमचा चंद्र कुठला? इथला की तिकडचा?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "उपास गावाकडं लोणीत धरलाय. चंद्र बी लोणीचाच." पण साक्षीदार हवा. लोणी काळभोरला सासऱ्यांना फोन लावला.

"अहो, चंद्र दिसतोय का?" आईंनी विचारलं.

"ढग हायेत. थांब, गच्चीवर जातो," आबा म्हणाले. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले आणि फोन गेला.

बटाटे थंड होत होते. माझा पारा चढला. "अहो आई, तुम्ही दोन बटाटे खाल्ले म्हणून संदीपला काही होत नाही."

"त्याच्यासाठी कोण उपास धरतंय? तो धडधाकट हाय," आई म्हणाल्या. "तुझं ऑपरेशन झालं तवापासनं धरलाय."

उपास माझ्यासाठी आहे हे मला माहीतच नव्हतं. एकदम रडू आलं, आणि नेमके तेव्हाच ते बँडवाले आमच्या टेबलाशी येऊन ढोल बडवायला लागले. सगळा डबा टाळ्या वाजवत होता आणि मी रुमाल शोधत होते.

पुढच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा आबांचा फोटो आला. गुडुप काळोख आणि मधोमध एक पिवळा गोळा. आईंनी तो बराच वेळ बघितला, फोन फुलदाणीला टेकवून ठेवला, हात जोडले आणि बटाट्याचं साल सोलायला घेतलं.

शेवटच्या स्टेशनातून बस नागमोडी घाट चढून दारापर्यंत नेते. आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेरच उरकून घ्या. मग वर पोचलो. ढग खाली, आपण वर, आणि मध्ये दगडांचं अख्खं गाव. आई कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. "छपरं कुठं गेली?" त्यांनी विचारलं. गवताची होती, कुजली, असं रोसाने सांगितलं. "मग दरसाल शाकारायची की," आई म्हणाल्या. माझ्या हौसेच्या जागी मी पोचले होते आणि शेजारी नवरा नसल्याचं मला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

परत आल्यावर मी लोणीत आबांना फोनमधले फोटो दाखवत होते. त्यात त्यांनीच पाठवलेला चंद्र आला. मोठा करून पाहिला.

"आबा, या चंद्राशेजारी शिंग आहे."

आबांनी स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली घेतला. "पाऊस लागला होता गं. गोठ्यातल्या बल्बचा काढला. ही उपाशी डोंगर चढली असती तर? तिला सांगू नको."

"ढवळीचं शिंग हाय ते," आतून आवाज आला. "तवाच वळाखलं."

मी आत गेले. "मग जेवलात कशाला?"

आई भाकरी थापत होत्या. "तू खालीच बसून राहणार होतीस. मग मी उपास कुणासाठी धरलेला?"

गाडीचे पैसे वसूल झाले का, असं ऑफिसात सगळे विचारतात. मी हो म्हणते, बँडचे सोडून.

या संकष्टीला मी लोणीतच होते. आभाळ गच्च भरलेलं. मी गोठ्यात जाऊन बल्ब लावला आणि आईंना म्हटलं, "उगवला. पान वाढू का?"

"नीट बघितलास ना?"

"शिंगासकट."