भाविकाची पहिली पसंती

भाविकाला मशीनचं वेड लागलं ते दहावीच्या सुट्टीत. तिचे वडील जयदेव अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर. कंपनीत एखादा जुना पार्ट मोडला की तो नवा बनवून घ्यायला ते उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये जायचे. एकदा जाताना त्यांनी लेकीला स्कूटरवर मागे बसवून नेलं. तिथे हिरामणकाका नावाचे वयस्कर टर्नर लेथवर एक शाफ्ट कातत होते. त्यांनी मशीन थांबवलं, माप घ्यायचा व्हर्नियर भाविकाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ गं, किती भरतो?" कसं वाचायचं ते एकदाच दाखवलं. तिने वाचून सांगितलं. काकांनी स्वतः मापून पाहिलं आणि जयदेवांना म्हणाले, "पोरीला नजर आहे रे."

एवढंच झालं. पण ती सगळी सुट्टी भाविका या ना त्या निमित्ताने तिथे जात राहिली. घरी येताना ड्रेसला तेलाचे डाग. आई तुळशी ते डाग घासता घासता बडबडायची, "चांगली अकरावीला जानार पोर, आनि हितं मना राकेल ओतून कपडे धुवावे लागतात." बारावीपर्यंत भाविकाचं पक्कं झालं होतं. मेकॅनिकल. दुसरं काही नाही.

घरात मेकॅनिकल इंजिनियर आधीच एक होता. भूपेश, तिच्याहून सात वर्षांनी मोठा भाऊ. त्यांच्या मोरिवली गावात त्याला अजूनही कुणी नावाने हाक मारत नसे, 'इंजिनियर' म्हणत. रोज सकाळी आठला गळ्यात कंपनीचं कार्ड घालून तो बाईकवर निघायचा. भाविकाचा या भावावर घरात सर्वांत जास्त जीव. चड्डीच्या नाडीला गाठ मारायला शिकवण्यापासून इंटिग्रेशन शिकवण्यापर्यंत सगळं त्यानेच केलेलं.

सीईटीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले आणि घरात बैठका सुरू झाल्या. जयदेव म्हणाले, "कॉम्प्युटर घे. आमच्या कंपनीत नवीन इंजिनियर येतात, त्यांना काय देतात मला माहीत आहे. आणि पोरीच्या जातीने शॉपफ्लोअरवर बारा-बारा तास उभं राहायचं?"

"बाबा, तुम्हीच मला तिथे घेऊन गेलात," भाविका म्हणाली.

"बघायला नेलं होतं. राहायला नाही."

भाविका रडवेली झाली तेव्हा भूपेश मध्ये पडला. "बाबा, तिला जे पाहिजे ते करू दे. चार वर्षं तिला काढायचीत, तुम्हाला नाही." जयदेवांनी विषय सोडला. दादाने आपली बाजू घेतली म्हणून भाविकाला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

पसंतीक्रमाचा फॉर्म दोघा भावंडांनी मिळून भूपेशच्या लॅपटॉपवर भरला. कुठल्या कॉलेजात कुठली शाखा, कुणाला कितवा नंबर द्यायचा, यात अख्खी सकाळ गेली. पहिल्या पाचही पसंती मेकॅनिकलच्या. कॉम्प्युटर सहाव्या नंबरवर, बाबांचं मन राखायला. "आता हा सेव्ह करून ठेवू," भूपेश म्हणाला. "शुक्रवारपर्यंत मुदत आहे. एकदा नीट बघून कन्फर्म करतो. तू टेन्शन नको घेऊ." रजिस्ट्रेशनच्या वेळी भाविकाकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून मोबाईल नंबरही दादाचाच दिलेला. त्यात तिला वावगं काय वाटणार?

शुक्रवारी दुपारी आई म्हणाली, "चल बाय, कॅम्पात जाऊ. कालेजला जाशील तर दोन चांगले ड्रेस तरी घेऊ." दोघी रिक्षाने कॅम्प दोनला गेल्या. एरवी आई कापड स्वतः निवडायची, भाव स्वतः पाडायची आणि वीस मिनिटांत दुकानाबाहेर. त्या दिवशी तिने भाविकाला चार दुकानं फिरू दिलं. "तुला आवडतो तो रंग घे," म्हणाली. मोसंबीचा रसही पाजला. घरी यायला संध्याकाळ झाली.

जागावाटपाची यादी लागली त्या दिवशी भाविकाने आईच्या फोनवर आपला निकाल उघडला. कॉलेज बरोबर होतं, पहिल्या पसंतीचंच. पुढे लिहिलं होतं: कॉम्प्युटर इंजिनियरिंग. पसंतीक्रम एक.

तिला वाटलं, साईट चुकली. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं. मग फाईल काखोटीला मारून ती एकटीच कल्याणच्या प्रवेश सुविधा केंद्रात गेली. काउंटरवरच्या बाईंनी तिचा अर्ज काढून पाहिला.

"बरोबर आहे की. पहिली पसंती कॉम्प्युटरच दिली आहेस."

"नाही मॅडम, मी मेकॅनिकल दिली होती."

बाईंनी कन्फर्म झालेल्या फॉर्मची प्रिंट काढून तिच्यापुढे सरकवली. "शुक्रवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. ओटीपी ह्या नंबरवर गेलाय. तुझा नाही का हा?"

नंबरचे शेवटचे चार आकडे भाविकाला पाठ होते. शाळेच्या डायरीत ती आईवडिलांच्या आधी तोच नंबर लिहायची. चार वाजून बारा मिनिटांनी आपण कुठे होतो, हेही तिला आठवलं. हातात एक पोपटी आणि एक राणी रंगाचा ड्रेस धरून ती आईला विचारत होती, कुठला घेऊ?

"बदलता येईल का?"

"पहिलीच पसंती मिळाली ना, मग ती आपोआप पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत तुला जाता येणार नाही." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज हळू केला. "घरी विचार बेटा. इथे रोज असं एखादं येतंच."

घरी भूपेश ओट्यावर बसलेला होता. भाविकाने प्रिंट त्याच्या मांडीवर ठेवली. तो ती वाचायलाही गेला नाही.

"बस जरा. सांगतो."

"फॉर्म तू बदललास?"

"तुझ्या भल्यासाठी. मेकॅनिकलचं मार्केट राहिलं नाही. तुला आत्ता राग येईल, पाच वर्षांनी..."

"बाबांना माहीत होतं?"

आतून जयदेवच म्हणाले, "माझ्याशी बोलूनच केलं त्याने."

भाविका चुलीपाशी गेली. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. "आई, म्हणून मला कॅम्पात नेलंस?"

"मना काय कलतं त्यातलं? भूपेश म्हनला, दुपारभर तिला बाहेर ने. नेली." भाकरी तव्यावर पडली. "तुजं वाईट करनार का कोन आमी?"

शत्रूने केलं असतं तर चार शिव्या देता आल्या असत्या. इथे तिघांनी मिळून, मायेने, रस पाजून केसाने गळा कापला होता. आणि तिने रडावं तर उलट तीच कृतघ्न ठरणार होती.

तिने प्रवेश घेतला. न घेऊन करणार काय, वर्ष वाया गेलं असतं. अभ्यासही केला, कारण नापास होऊन कुणाला धडा शिकवायचा तिचा स्वभाव नव्हता. कोडिंग तिला जमलं. आवडलं का, हे घरात कुणी विचारलं नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमधून लेथचा आवाज आला की मात्र ती दुसऱ्या जिन्याने जायची. हिरामणकाकांकडे पुन्हा गेली नाही. त्यांना काय सांगायचं, हे तिला ठरवता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी अंबरनाथच्या बाजारात तिला राजू भेटला. भूपेशच्या कंपनीत त्याच्याबरोबर काम केलेला मुलगा. बोलता बोलता तो म्हणाला, "भूपेशभाऊंचं बदलापूरला फ्लॅट विकायचं काम जोरात आहे म्हणे. बरं झालं. कंपनीने आमची, भूपेशभाऊंसकट, सगळी कॉन्ट्रॅक्टची पोरं काढली तेव्हा ते लय खचले होते."

"कधी काढली?" भाविकाने विचारलं. घरात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं.

राजूने हिशेब केला. भाविकाने मनात तारखा जुळवल्या. तिचा फॉर्म भरला त्याच्या आठ महिने आधी. म्हणजे ते आठ महिने आणि पुढेही कितीतरी दिवस दादा रोज सकाळी आठला, बंद पडलेलं कार्ड गळ्यात घालून, कुठल्याही कंपनीत न जाण्यासाठी निघत होता.

त्या रविवारी भूपेश बाईक धूत असताना ती त्याच्यासमोर उभी राहिली. "तुझी नोकरी गेली होती. मला का नाही सांगितलंस?"

त्याने पाईपचं पाणी बंद केलं. "काय सांगणार? गाव इंजिनियर म्हणतं. बाबांना कळलं असतं तर..."

"बाबांना नको. मला. फॉर्म भरताना आपण दोघंच होतो, दादा. तीन तास बसलो होतो."

"तू ऐकलं असतंस?"

"माहीत नाही. तुझं ऐकून मीच कॉम्प्युटर वर घेतलं असतं, किंवा तरीही मेकॅनिकलच ठेवलं असतं. पण ते मी केलं असतं. तू मला खरं काहीच दिलं नाहीस आणि माझं होतं ते काढून घेतलंस."

भूपेशने फडकं उचलून ओली बाईक पुसायला घेतली. "माझ्यासारखं होऊ नये तुझं, एवढंच होतं डोक्यात," तो म्हणाला. ते खरं असणार, हे भाविकाला कळत होतं. पण त्यामुळे तिचं काहीच हलकं झालं नाही.

शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये तिला ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिच्या वर्गातल्या पहिल्या काही जणांत. मेकॅनिकलची बरीच मुलं तेव्हा हात हलवत घरी गेली. जयदेवांनी गावात पेढे वाटले. कुणाच्याही हळदीला गेली तरी कुणी ना कुणी बाई म्हणायचीच, "भूपेशनं बहिणीचं कल्याण केलं बाय." भाविका हसून पाण्याचा ग्लास उचलायची. भविष्य दादाचं खरं ठरलं होतं. त्यामुळे आता त्याने माफी मागण्याचाही प्रश्न उरला नव्हता, आणि हेच तिला सगळ्यात जास्त खुपायचं. नुकसान दाखवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये तिला पुण्याहून दुसरी ऑफर आली. तिने ती स्वीकारली, राजीनामा दिला, राहायला खोली पाहिली आणि मग घरी सांगितलं.

"विचारलं नाहीस?" जयदेवांचा हात जेवता जेवता थांबला.

"नाही," भाविका म्हणाली.

आई काही बोलणार होती, पण भूपेशने तिला खुणेने थांबवलं. तो ताटाकडे बघून म्हणाला, "तिला जे पाहिजे ते करू दे."

भाविकाने भात कालवला. हेच वाक्य तिने त्याच्या तोंडून आधीही ऐकलं होतं आणि तेव्हा विश्वास ठेवला होता. या वेळी तिने फक्त ऐकलं. ताट उचललं, धुतलं, आणि कपाटातून बॅग काढायला आत गेली.