टेपावरची हवा

मला उन्हाळा आवडतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. माझं माहेर महाडचं, बाजाराच्या मागच्या आळीतलं. वैशाखात तिथं झाडाचं पान हलत नाही, घामानं पदर पाठीला चिकटतो, आणि मला तेच बरं वाटायचं. थंडी मात्र मला सोसत नाही, आणि ओली थंडी तर वैऱ्यालाही नको. असं असताना बापानं मला दिली कुठं, तर पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत.

नवरा महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. आठ महिने तिकडं, पावसाचे चार महिने घरी. पाऊस जवळ आला की साहेब लोक बंगल्यांना गवताच्या झडपा बांधून, कुलपं ठोकून खाली पळत. हे हा माणूस दरवर्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. पण डोक्यात घेऊन काय आला? तर 'हवा'. साहेब म्हणतो वरची हवा चांगली, साहेब म्हणतो खाली कोंडी होते, साहेबाची मड्डम हवा खायला टोकावर जाऊन बसते. अरे, मड्डम बसते ती मार्गशीर्षात! आषाढात बसून दाखव म्हणावं.

आमची वाडी होती खोलगटात, फणसांच्या आड, डोंगराला पाठ टेकून. वाडीच्या वर एक टेप होता, उघडाबोडका उंचवटा. तिथं कुणीच कधी घर बांधलं नव्हतं. एका वर्षी साहेब विलायतेला गेला, बंगला बंद राहिला, आणि हा फाल्गुनातच घरी आला. चैत्रात टेपावर जाऊन बसला आणि म्हणाला, "घर हितं. काय हवा हाय बघ गो! आपले म्हातारे खुळे होते, भोकात जाऊन बसले."

मी म्हटलं, "म्हातारे खुळे नव्हते. तुमीच उंटावरचे शहाणे."

मुलापुढं सासूचं तोंड कधी उघडायचं नाही, माझ्यापुढं मिटायचं नाही.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. गार वारा लागला की तिची छाती भरायची, मांजरासारखी घरघरायची. खालच्या घरात चुलीपाशी ठेवली की मोकळी व्हायची. वर ती पावसाळा कसा काढणार, एवढीच माझी चिंता. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, चांगल्या हवेनं छाती सुधारते, साहेबाचा डॉक्टर सांगत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण घर उभं राहिलंच. सासू मात्र खालच्या जुन्या घरीच राहिली.

आमच्याकडे एक रीत होती. पावसाआधी ज्या घरात बेगमी भरली, त्याच घरात चार महिने काढायचे. तांदूळ, नाचणी, मीठ, सुकट, लाकूडफाटा, सगळं माणसं मोजून भरलेलं असतं. मध्येच दुसऱ्याच्या चुलीवर जाऊन बसणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं, मग ती सासू का असेना. म्हणून मी मीठ आणि सुकट मुद्दाम खालच्या घरीच ठेवून दिली. त्यानं ते ओळखलं. तो उतरून आला, दोन्ही मडकी खांद्यावर घेतली आणि वर गेला. झालं. मीठ वर गेलं म्हणजे मी वर गेले.

मृगात काही कळलं नाही. आर्द्रात वारा फिरला. त्या टेपावर पाऊस वरून पडत नसे, आडवा येई. कुडाच्या फटीतून पाणी आत, धुकं आत, चुलीचा धूर मात्र बाहेर जाईना. मिठाचं पाणी झालं, सुकटीला बुरशी आली, लाकडं फुंकून फुंकून माझे डोळे सुजले. नवरा घोंगडी पांघरून बसायचा आणि म्हणायचा, "पहिलं वर्स हाय, कूड वाळला की ठीक होईल." पावसात कूड वाळवणारा माणूस मी तोच एक पाहिला. नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं तर सांगायचं कुणाला, म्हणतात. मला दोघांनी एकदम धरलं होतं.

पुनर्वसूत मुलीचे ओठ निळे पडायला लागले. नवऱ्याला न विचारता मी तिला पोटाशी बांधलं, वर इरलं घेतलं आणि खाली उतरले. सासू दारातच होती. तिनं मुलीला माझ्याकडून काढून घेतलं, छातीला कान लावला, चुलीपाशी नेलं. मी उंबऱ्यात पाय टाकला तशी वळून म्हणाली, "पोर ऱ्हाऊ दे. एका पोरीला किती लागतंय? पण तुजी बेगमी हितं नाय गो, सूनबाय. आनि त्याची चूल कोन पेटवील? तू जा वर."

"ती अजून अंगावर पिते," मी म्हटलं.

"गाईचं देईन."

मी भांडले, रडले. ती हलली नाही. खरं सांगायचं तर चुलीपाशी मुलीचा श्वास सुटा झालेला मला दारातून ऐकू येत होता. म्हणून मी गेले.

लावणीला मी खालच्याच खाचरात असायची, घर हाकेवर. पहिल्या दिवशी धावत गेले. मुलीनं हात पसरले, मी घेतलं, निघताना तिनं आकांत केला आणि छाती पुन्हा भरली. सासू म्हणाली, "तू दिसलीस की रडते. येऊ नको." मग मी चिखलात वाकून तिचं रडणं ऐकायची आणि पाठ वर करायची नाही, कारण उभी राहिले तर दिसेन. आठ दिवसांत दूध आटलं. लावणी संपली तरी तिची छाती पुन्हा भरेल म्हणून मी तिच्यासमोर गेले नाही. त्या दिवसांत मी नवऱ्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नसावं.

दसऱ्याला आभाळ मोकळं झालं. टेपावर ऊन पडलं, सोनकी फुलली, आणि वारा असा सुटला की खोटं कशाला बोला, फार छान सुटला. नवऱ्यानं छाती भरून घेतला आणि म्हणाला, "बघ, म्हनलं नव्हतं?" दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून तो महाबळेश्वरला निघून गेला. ज्या हवेसाठी घर बांधलं ती आली तेव्हा हा गडी तिथं नव्हताच, आणि पुढच्या कुठल्याच वर्षी असणार नव्हता.

मी खाली गेले. मुलगी अंगणात होती, गुटगुटीत, छाती मोकळी. मी हात पसरले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि सासूचा पदर धरून मागं सरली. सासू तिला म्हणाली, "अगो, जा, कोन हाय ती?"

"सूनबाय," माझी मुलगी म्हणाली.