पाटीची दुसरी बाजू

काकूंचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ऑफिसात होते. "काका गेले गं," एवढंच म्हणाल्या. मला आधी सुटल्यासारखं वाटलं... मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

लंडनजवळ वॉटफर्डला दिनकरकाकांच्या घरी मी चार वर्षं भाड्याने राहिले. काका मूळचे सांगलीचे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. इथे येऊन तीस वर्षं छापखान्यात काढली आणि रिटायर झाल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतला. गेल्या वर्षी जवळच्या गावातल्या तीनशे वर्षं जुन्या पबची टांगती पाटी वादळात फुटली. मालकीण मॅगीने नवी करायचं काम काकांना दिलं. पबच्या नावात हंस, म्हणून पाटीच्या दोन्ही बाजूंना हंस. काका बागेतल्या शेडमध्ये महिनाभर खपले. ओकच्या फळीला अस्तराचे तीन हात, मग एनॅमल, कडेला सोन्याचा वर्ख. पहिली बाजू झाली तशी मला हाक मारली. "बघ, चिडलाय ना? हंस गोड काढायचा नसतो. गोड हंस साबणावर असतात."

दुसऱ्या बाजूचं नुसतं पाणी रंगवून झालं होतं, तेव्हा त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर एका रविवारी त्यांनी शेडकडे न्यायची खूण केली. मी व्हीलचेअर ढकलत नेली. डावा हात रंगांच्या डब्यांकडे वळला. मी पांढरा उचलला. मान हलली... नाही. करडा? नाही. काळा, निळा, एकेक करत सगळे डबे झाले. "काका, ब्रश हवाय? टर्पेंटाइन?" घशातून नुसता आवाज येत होता. शेवटी मलाच रडू फुटलं. तेव्हा त्यांनी माझं मनगट थोपटलं आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर शेडकडे बोट दाखवलं नाही.

काका गेल्यावर, दुसऱ्या कुणाकडून हंस पुरा करून घ्यावा का, असं मॅगीने काकूंना विचारलं. "परका हात नको," काकू म्हणाल्या. मॅगीने पाटी तशीच लावली.

मागच्या रविवारी मी काकूंना पाटी बघायला घेऊन गेले. रस्त्यावरून येताना चिडलेला हंस दिसला. पाटीखालून पलीकडे गेलो, तर तिथे फक्त पाणी. काकू मान वर करून खूप वेळ उभ्या होत्या.

"त्या दिवशी तुझ्याकडे काय मागत होते गं ते?"

"नाही कळलं, काकू."

"मलाही नाही कळायचं. रोज काहीतरी सांगायचे," त्या म्हणाल्या. "मी आपली हो म्हणायची."