झाकन काढू नको गो...

आधीच सांगते — असले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी. मंत्रानं रक्त 'बांधणाऱ्या' भगताविरुद्ध अंबाडीच्या नाक्यावर मी स्वतः पत्रकं वाटलीत. मथळा माझाच: 'मंत्रानं रक्त थांबत नाही!' तो आजही मागे घेत नाही. तरी हे लिहितेय, कारण लपवणं हीसुद्धा लबाडीच.

गोष्ट २००७च्या सुमाराची. आम्ही अंजूरचे. आई खाडीची कोळंबी सोलायची आणि माझी थोरली बहीण एका लॅबमध्ये त्याच सालांपासून रक्त थांबवणारी पट्टी बनवायच्या कामात होती. सालांतून काढलेला पदार्थ रक्ताला चिकटतो, गुठळी धरतो. आई हसायची, "माझा कचरा, आन् हिची डिग्री!" आई जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

मी निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांच्या कारखान्यांत प्रथमोपचार समजावत फिरायचे; तिथल्या लूमवाल्यांना दाखवायला ताईनं मला एक पट्टी दिली. "फक्त दाखव. माणसांवर चाचणी व्हायचीय अजून. आणि वेळ आलीच तर दाबून धरायची. बघायला उचललीस की संपलं."

भर दुपारी एका कारखान्यात मी शेठशी भांडत होते. फर्स्ट एडच्या पेटीत काय, तर उदबत्तीचा पुडा! माणसं मरू देत, पेटीला वास हवा!

"मॅडम, भगवान का भी तो कुछ रखना पडता है..."

तेवढ्यात पलीकडच्या लूमची लाकडी दांडी मोडली आणि तिचं टोक इसरारभाई या कारागिराच्या जांघेत घुसलं. त्यानं ते उपसलं मात्र, रक्ताची चिळकांडीच उडाली. जागा अशी की वर पट्टाही आवळता येईना. मी पट्टीचं पाकीट दातांनी फाडलं — ते दातांतच राहिलं — पट्टी जखमेत कोंबली आणि दोन्ही हातांनी दाबली. शेठ रिक्षा आणायला धावला.

थोड्या वेळानं हाताखालचं उसळणं जाणवेना. रक्त थांबलं... की माणूसच गेला? बघायलाच हवं होतं. मी हात उचलायला लागले.

आणि कानामागे, रोजच्या वैतागानं —

"झाकन काढू नको गो, भात कच्चा ऱ्हाईल."

आईचं वाक्य. चुलीपाशी हजारदा ऐकलेलं. भीती नाही वाटली, उलट घरी असल्यासारखं वाटलं. हात होता तिथेच राहिला, थेट हॉस्पिटलपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "मध्ये उचलला असता तर हा रिक्षातच गेला असता."

ताणात असं काही ऐकू येतं, मनाचा खेळ — मी स्वतःची समजूत घातली. मग इसरारभाईला भेटायला वॉर्डात गेले. आझमगढचा माणूस, मराठी जेमतेम. म्हणाला, "दीदी, वो अम्मा कौन थीं? आपको डाँट रही थीं... झाकन काडू नको, भात कच्चा... वहाँ भात किधर से आया?"

"मीच बोलले असेन, भाई."

"आप कैसे बोलतीं? मुँह में तो पाकिट दबा था. हस्पताल में शेठ ने खींच के निकाला!"

शेठला विचारलं. पाकीट त्यानंच काढलं होतं. बाकी कारागिरांपैकी कोणी काही ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? शेजारचे लूम चालूच होते, त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शब्द पोचत नाही. तो आवाज तर हळूच होता.

ताईला सगळं सांगितलं. तिनं आधी पट्टी किती वेळ दाबली ते विचारलं. मग म्हणाली, "भात शिजला ना? झालं तर."

रक्त कशानं थांबलं, ते मी कुणालाही समजावीन — कोळंबीच्या सालांनी आणि दाबानं. भगतांनी फुकटचं श्रेय घेऊ नये. पण माझा हात कुणी थांबवला... ते मला अजून सांगता येत नाही.