गोळी कुटण्याआधी

दुपारचे तीन वाजून गेलेत. आईच्या चारच्या गोळ्या खलात काढून ठेवते आणि दोन मिनिटं म्हणून खुर्चीत टेकते. आईला कंपवात आहे. महिन्याभरापासून तिला गोळी गिळता येत नाही, म्हणून मी सगळ्या कुटून केळ्यात कालवून देते. तेव्हापासून औषध घेतलं की ती गुंगीत जाते आणि जागी होते तेव्हा लाकडासारखी ताठ असते. म्हातारपण, दुसरं काय, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. माझा डोळा लागतोय, एवढं मला कळतं.

आईचं कपाट उघडं आहे आणि आत मिरजेतलं मगदूमअण्णांचं औषधाचं दुकान आहे. यात मला काही वावगं वाटत नाही. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, तेही ठाऊक आहे. फळ्या पार दिसेनाशा होईपर्यंत वर गेल्यात. बाटल्यांवर औषधांची नाहीत, माणसांची नावं आहेत. खाली अण्णांचं गिचमिड अक्षर: 'गिळताना ठसका', 'कडू चालत नाही', 'घरी एकटीच असते'. एका बाटलीवर माझा मुलगा अभिनंदन, वय दिवस पंधरा.

त्याच्या हृदयाचं औषध तेव्हा मोठ्यांच्या गोळीतच मिळायचं. अण्णा ती खलून, पिठीसारख्या बारीक साखरेत मिसळून, तोलून एवढ्याएवढ्या पुड्या बांधून द्यायचे. आज तो पुण्यात आहे, चांगला दाढीवाला बाप्या झालाय. बाटली हातात घेते तर आत काहीतरी धडधडतंय. एका माणसाने इतकी माणसं सांभाळून ठेवली होती?

काउंटरची काच हलते आणि तिचं पाणी होतं. अण्णा आणि मी कृष्णेच्या घाटावर पायरीवर बसलोय, मध्ये तराजू. अण्णांची खोड तीच. औषध देताना सगळं समजावायचे आणि वर म्हणायचे, आता तुम्ही मला सांगा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग खोळंबायची. मीसुद्धा एकदा तोंड वाकडं केलं होतं.

"सांगा की शालनताई, आईंना काय काय देताय?"

मी सांगते. रक्तदाबाची अर्धी, कुटून. कंपवाताची लांबट, पोटात सावकाश विरघळते ती, तीही कुटून.

नदीचं पाणी थांबतं. खरंच थांबतं, एक लाट अर्ध्यावर उभी आहे.

"सावकाश विरघळायची गोळी," अण्णा म्हणतात, "कुटल्यावर सावकाश कशी विरघळंल ओ?"

कितीतरी तासांचं औषध मी तिला एका घासात देत होते, पुढच्या तासांना काही उरतच नव्हतं. म्हातारपण नव्हे, मीच तिला गुंगवत होते. मला रडू आवरत नाही. अण्णा माझी मूठ दोन्ही हातांत धरतात. त्यांचे हात ऊनऊन आहेत. गिळता येत नाही हे डॉक्टरांना सांगितलं का, असं ते विचारतात. मी म्हणते, कुणी विचारलंच नाही.

"मग आता कुणी विचारायची वाट बघू नका."

चार वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. आई झोपलेली आहे. खलात रक्तदाबाची अर्धी गोळी एकटीच पडलीय. माझी उजवी मूठ इतकी आवळलेली आहे की बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तळहातावर ती लांबट गोळी, अख्खी. तिचा गुलाबी रंग घामाने सुटून कातडीला लागलाय. खलातून ती मी कधी उचलली, आठवत नाही.

फोन मी डाव्या हाताने लावते. डॉक्टर "बोला" म्हणतात, आणि त्यांनी पुढचं काही विचारायच्या आत मी पहिल्या गोळीपासून सांगायला लागते.